आधी शस्त्रक्रिया की आधी केमो? अंडाशयाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

अंडाशयाचा कर्करोग निघाला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं हॉस्पिटल?" आणि दुसरा, "आईला कसं सांगायचं?" उपचारांचा क्रम काय असावा, कोणती तपासणी मागायची, कोणत्या औषधाला नाही म्हणता येतं, हे फार कमी जण विचारतात. ते ठरवणं आपल्याही हातात आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. मी पुण्यात कर्करोग विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. हे प्रकरण तपशिलात मांडते आहे, कारण त्यात बहुतेक वळणांवर दोन रास्त वाटा होत्या आणि कोणती घ्यायची हे आजारी बाईने स्वतः ठरवलं. ओळख पटू नये म्हणून वय, राहण्याची जागा, घरातली माणसं बदलली आहेत आणि अशाच इतर रुग्णांचे काही तपशील त्यात मिसळले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना काकू म्हणायचे, मीही तेच म्हणते.

"पिशवी काढलीय, आता काय राहिलं?"

काकू ५७ वर्षांच्या. सिंहगड रस्त्यावर धायरीकडे त्यांचं पोळी-भाजी केंद्र. पहाटे कणीक, दुपारपर्यंत डबे. काका भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा हिंजवडीत, थोरली लेक साताऱ्याला दिलेली, धाकटी बँकेत नोकरीला आणि लग्नाची.

तक्रार सुरू झाली ती पोट फुगण्यापासून. दोन घास खाल्ले की गच्च वाटायचं. परकराची नाडी सैल करावी लागायची, लघवीला सारखं जावं लागायचं. हातपाय वाळत चालले होते आणि पोट वाढत होतं. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग गॅसच्या, मग जंताचं औषध. साडेतीन महिने असे गेले. पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई ही लक्षणं कुणालाही होतात, म्हणूनच हा आजार चकवतो. इथे बघायचं ते एवढंच की तक्रार नवी आहे का आणि रोजच्या रोज येते आहे का. पन्नाशी उलटलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा 'पित्त' झालं आणि ते तीन आठवड्यांत हटलं नाही, तर सोनोग्राफी करून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगते. मुद्दाम सांगते, कारण स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारखी, लक्षणं नसताना करायची ठरावीक चाळणी तपासणी या आजाराला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची चाचणी वर्षानुवर्षं करून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आडवी आली. त्यांचं गर्भाशय १६ वर्षांपूर्वी फायब्रॉइडमुळे काढलं होतं. "पिशवीच काढलीय, आता तिथं काय राहिलंय?" असं त्या प्रत्येक डॉक्टरला सांगत आणि ऐकणाराही त्या दिशेने विचार सोडून देई. तेव्हा त्यांचे अंडाशय ठेवले होते. एक्केचाळिसाव्या वर्षी ते ठेवणं बरोबरच होतं, कारण हाडांना आणि हृदयाला त्यांच्या संप्रेरकांची गरज असते. पण अंडाशय ठेवलेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि डिस्चार्ज कार्ड घर बदलताना हरवलं. महाराष्ट्रात 'पिशवी काढलेल्या' बायका घराघरांत आहेत. आपले अंडाशय आणि बीजनलिका ठेवल्यात की काढल्यात, हे त्यांतल्या किती जणी सांगू शकतील? या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बऱ्याचदा बीजनलिकेच्या टोकाशी सुरू होतो असं आता मानलं जातं. त्यामुळे गर्भाशय काढताना अंडाशय ठेवायचे असले तरी नलिका काढून टाकण्याकडे डॉक्टरांचा कल वाढला आहे. शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

सोनोग्राफीत पोटात पाणी आणि उजव्या अंडाशयाच्या जागी गाठ दिसली. सीए-१२५ आलं ११४०, साधारण मर्यादा ३५ची. एका फिजिशियनना पोटाच्या टीबीची शंका आली आणि ती रास्त होती. पोटात पाणी, वजन घटणं आणि सीए-१२५ वाढणं हे सगळं टीबीतही होतं. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, यकृताचे विकार यांतही हा आकडा चढतो. म्हणूनच नुसत्या आकड्यावर कर्करोगाचा शिक्का मारू नये आणि नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्याही सुरू करू नयेत. काकूंच्या पोटातलं पाणी तपासलं आणि ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या थराचा, सुईने तुकडा घेतला.

तुकड्याला घरातून विरोध झाला. काकूंच्या जाऊबाई म्हणाल्या, "सुई लावली, हवा लागली की पसरतो." हवेने कर्करोग पसरत नाही. पण या भीतीत एक खरा धागा आहे. गाठ फक्त अंडाशयापुरती असावी असं दिसत असेल तर तिला सुई टोचत नाहीत, कारण आतला द्रव सांडला तर टप्पा बदलतो. तेव्हा ती अख्खी काढूनच तपासतात. काकूंचा आजार आधीच पोटभर पसरलेला होता, तिथे तुकड्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. जाऊबाईंना हा फरक समजावल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत, पण तुकड्याच्या दिवशी डबा घेऊन त्याच आल्या.

रिपोर्ट आला, हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा, म्हणजे या कर्करोगाचा तोच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सीटी स्कॅनवरून टप्पा तीन-सी. म्हणजे ओटीपोटाबाहेर, पोटाच्या अस्तरावर दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, ओमेंटम जाड झालेलं, यकृताच्या वर श्वासपटलाखाली थर. फुप्फुसांत किंवा यकृताच्या आत काही नाही.

"आईला सांगू नका"

मुलगा एकटाच येऊन मला भेटला. "मॅडम, आईला फक्त गाठ म्हणून सांगा. कॅन्सर म्हटलं तर ती खचेल." हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि त्यामागचं प्रेम खोटं नसतं. पण या आजारात लपवाछपवीची किंमत फार मोठी पडते. पुढे काय काय होतं ते पाहा: महिनोन्‌महिने केमो, मोठी शस्त्रक्रिया, तीत आतड्याचा भाग काढण्याची शक्यता, मग जनुकीय चाचणी आणि तिच्यावरून लेकींचे निर्णय. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हे माहीत नाही, ती यांतल्या कशाला मनापासून हो म्हणणार? संमतीपत्रावरची सही तिचीच असते.

मी मुलाला सांगितलं की डॉक्टर स्वतःहून काही लादणार नाहीत, पण काकूंनी विचारलं तर खोटंही बोलणार नाहीत. भेटीत डॉक्टरांनी आधी काकूंनाच विचारलं, "तुम्हाला काय झालं असावं असं वाटतंय?"

काकू म्हणाल्या, "बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं, डॉक्टर. आईचं झालं तेच ना? तिच्या पोटात पाणी झालं होतं. जलोदर म्हणाले होते तेव्हा."

मुलगा रडला, काकू नाही रडल्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. बरा होतो का, आणि केंद्र बंद ठेवावं लागेल का. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांनी सरळ दिलं. या टप्प्यावर बहुतेकींमध्ये उपचारांनी आजार दिसेनासा होतो, पण पुढे बहुसंख्य जणींना तो उलटतो, आणि उलटल्यावरही उपचार असतात. काहींना तो परत येतच नाही, पण त्या कोण हे आधी सांगता येत नाही. आणि त्या वेळी निसटलेली गोष्ट, आईचा जलोदर, केस पेपरवर लाल शाईने लिहिली गेली. काकूंपासून लपवलं असतं तर ती आमच्यापर्यंत कधी पोचली असती कोण जाणे.

दोन सर्जन, दोन मतं

पहिल्या सर्जनांचं मत होतं, आधी शस्त्रक्रिया करून जेवढं दिसतं तेवढं काढू, मग केमोच्या सहा सायकली, म्हणजे ठरावीक दिवसांच्या अंतराने सहा फेऱ्या. दुसऱ्यांचं मत, आधी तीन सायकली, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या तीन. घरच्यांनी याचा अर्थ लावला की पहिले म्हणतात वाचेल आणि दुसरे म्हणतात ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय. आधी केमो म्हणजे हात टेकले, हा समज पुण्यात इतका घट्ट आहे की त्यापायी लोक तिसऱ्या, चौथ्या सर्जनकडे फिरत आठवडे घालवतात.

खरी गोष्ट अशी. २०१० मध्ये युरोप आणि कॅनडातल्या ६७० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, २०१५ मध्ये ब्रिटनचा. दोन्हींत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या स्त्रियांचं आयुष्यमान दोन्ही क्रमांत जवळपास सारखं निघालं आणि आधी केमो घेतलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरचे धोके कमी दिसले. यावर सर्जनांचा आक्षेप आहे की त्या अभ्यासांत पहिल्या शस्त्रक्रियेत आजार पूर्ण निघण्याचं प्रमाण कमी होतं, अनुभवी हातांत चित्र वेगळं दिसलं असतं. हा वाद मला खोटा वाटत नाही. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, की शस्त्रक्रिया संपताना डोळ्यांना दिसणारा आजार शून्य उरणं हेच सर्वांत महत्त्वाचं. म्हणून सर्जनना विचारायचा प्रश्न असा: "आजच्या घडीला सगळं निघेल असं तुम्हाला वाटतं का, आणि माझं शरीर ते झेपवेल का?"

काकूंसाठी दोन्हींची उत्तरं नकारात्मक होती. यकृतावरचा थर पसरट होता, आतड्यांच्या मुळाशी गाठी होत्या, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं, पोटातून काढलेलं पाणी आठ दिवसांत पुन्हा भरलेलं. पहिल्या सर्जननी स्कॅन ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कर्करोगाच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत पुन्हा पाहिला आणि मत बदललं. मला त्यांचा आदर वाटतो. पुन्हा सगळं समजावल्यावर काकू म्हणाल्या, "आधी औषधानं ढिलं करू, मग उपटू." मुलाला अजून मुंबईला टाटा मेमोरियलचं मत हवं होतं. काकूंनी होकार दिला, पण अट घातली की पहिली सायकल त्यासाठी थांबणार नाही. रिपोर्ट, तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणात जपलेला त्याचा ब्लॉक घेऊन मुलगा आणि काका गेले, मत तेच आलं. दुसरं मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नसतो, फक्त स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक आपल्या हक्काचे आहेत हे लक्षात ठेवून ते मागून घ्यावेत. नुसत्या कागदी रिपोर्टवर दुसरं मत अपुरं राहतं.

सहा सायकली आणि मधली शस्त्रक्रिया

केमोची औषधं दोन, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी. पहिलं सुमारे तीन तास चालतं, त्याआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून स्टिरॉइड आणि इतर इंजेक्शनं. कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरतो, म्हणून दर वेळी क्रिएटिनिन पाहतात. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात तळाला जातात, तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे घरात क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्री दोन वाजले तरी इमर्जन्सी गाठायची. फ्रिजवर चिकटवायला मी हे एकच वाक्य लिहून देते. त्याच दिवसांत गव्हांकुराचा, पपईच्या पानांचा कच्चा रस देणारे नातेवाईक येतात. आम्ही ते थांबवतो, कारण कच्च्या रसातून जंतू जातात आणि यकृतावरचा ताण वाढला तर पुढची सायकल लांबते. काकू माळकरी, अंडं चालणार नाही. मग मुगाची धिरडी, पनीर, ताक, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण यांवर प्रथिनं भरून काढली.

तिसऱ्या सायकलीची तारीख आली नेमकी पालख्या पुण्यात येण्याच्या सुमाराला. दरवर्षी काकू वारकऱ्यांना पिठलं-भाकरी द्यायच्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, सायकल तीन दिवस पुढे ढकलली तर? सायकलीच्या शेवटी पेशी पुन्हा वर आलेल्या असतात, त्यामुळे रक्त तपासून, मास्क लावून, गर्दीत न शिरता दारात उभं राहायला परवानगी मिळाली. तीन दिवसांनी वैद्यकीय तोटा होणार नव्हता, आणि त्या बाईला उपचार सोसायला लागणारं बळ त्यातून मिळालं.

तीन सायकलींनंतर सीए-१२५ ११४० वरून ६२ वर, पोटातलं पाणी गेलेलं. शस्त्रक्रियेआधीची चर्चा लांबली ती स्टोमावरून. आतड्याचा तुकडा काढावा लागला तर काही काळ पोटावर मल गोळा करायची पिशवी येऊ शकते, हे ऐकून काकू हादरल्या. आम्ही पिशवी हातात देऊन दाखवली, ती लावून पुन्हा कामाला लागलेल्या एका रुग्ण ताईंशी बोलणं करून दिलं. मग सही झाली. शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली: दोन्ही अंडाशय व नलिका, ओमेंटम, अस्तराचे पट्टे, मोठ्या आतड्याचा एक लहान भाग. आतडं जोडता आलं, पिशवी लागली नाही. दिसणारा आजार शून्य. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चार आठवडे पोटात इंजेक्शनं, जी धाकटीने घरीच द्यायला शिकून घेतली.

पोटात गरम केमो फिरवण्याचा उपाय, हायपेक, एका नातेवाइकाने सुचवला होता. सल्ला वाऱ्यावरचा नव्हता. २०१८ च्या नेदरलँड्सच्या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यात, केमोनंतरच्या शस्त्रक्रियेवेळी तो केला तेव्हा मध्यक आयुष्यमान सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ वर गेलं होतं. पण त्यात मूत्रपिंडावर ताण आणणारं सिस्प्लॅटिन वापरतात आणि काकूंचं क्रिएटिनिन काठावर होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या, काकूंनी नको म्हटलं.

पाचव्या सायकलीनंतर एक गोष्ट घडली जी फार जणी सांगतच नाहीत. बोटांना मुंग्या येत होत्या, "होतंच असेल" म्हणून काकू गप्प राहिल्या, आणि तव्यावर बोटं टेकली ती चटका कळलाच नाही. फोड आल्यावर लेकीने पाहिलं. पॅक्लिटॅक्सेलने नसा बधिर होतात आणि वेळेवर सांगितलं तर डोस कमी करता येतो. सहाव्या सायकलीत तो केला. जिचा रोजगारच हातांवर आहे, तिच्यासाठी हा दुष्परिणाम केस जाण्यापेक्षा कितीतरी मोठा.

एक रक्ताची नळी, तीन घरं

अंडाशयाच्या या प्रकारच्या कर्करोगात प्रत्येकीची बीआरसीए या जनुकांची चाचणी व्हायला हवी, घरात कुणाला कर्करोग असो वा नसो. काकूंची बीआरसीए-१ पॉझिटिव्ह आली, म्हणजे त्या जनुकात जन्मजात दोष निघाला. आईचा 'जलोदर' बहुधा हाच असावा. दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. घरचे फक्त लेकींची चिंता करत होते. मुलालाही तो मिळू शकतो आणि त्याच्यामार्फत नातीला, हे त्यांना नवीन होतं.

या निकालाने काकूंचा पुढचा उपचार ठरला. ओलॅपॅरिबच्या गोळ्या, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात सात वर्षांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, न घेणाऱ्यांपैकी ४६.५ टक्के. बेव्हासिझुमॅबचाही विचार झाला, पण आतडं जोडलेलं होतं आणि त्या औषधाने जखम भरायला अडथळा येतो, आतड्याला छिद्र पडण्याचा धोकाही असतो, म्हणून ते बाजूला ठेवलं. गोळ्यांनी काकूंचं हिमोग्लोबिन ७.८ वर आलं, एक रक्ताची बाटली लागली, डोस २५० वर आणला. पहिलं वर्ष दर महिन्याला रक्त तपासावंच लागतं. आणि घरी कुणी पपनस किंवा ग्रेपफ्रूटचा रस दिला तर तो घ्यायचा नाही, औषधाची पातळी बिघडते.

पैसा. शस्त्रक्रिया आणि केमो मुलाच्या कंपनीच्या विम्यात बसली, पण गोळ्या घरी घ्यायच्या म्हणून विम्याने हात वर केले. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्यामुळे ते आवाक्यात आलं, तरी सोपं नव्हतं. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. हे सगळं भरती होण्याआधी समाजसेवा विभागात विचारायचं. बिल हातात आल्यावर धावणाऱ्यांसाठी मला फार थोडं करता येतं.

थोरल्या लेकीची चाचणी निगेटिव्ह आली, धाकटीची पॉझिटिव्ह. ती २७ची. तिच्यापुढे स्तनांची दरवर्षी एमआरआय तपासणी आहे, आणि मुलं झाल्यावर, ३५ ते ४० या वयात, अंडाशय व नलिका काढून घेण्याचा पर्याय. आज रात्रीत ठरवायचं असं काही नाही. तिने मला विचारलं, "स्थळ बघायला आले की सांगायचं का?" मी तिला सांगितलं की रिपोर्ट तिचा आहे, आम्ही तो कुणालाही देत नाही; कुणाला, कधी सांगायचं हे तिनेच ठरवायचं. काकूंना वाटत होतं आधीच सांगावं, काकांना वाटत होतं कधीच नाही. ती म्हणाली, दोन भेटींनंतर, मुलगा बरा वाटला तर, मीच सांगेन. आई-बापाला ते पटायला वेळ लागला.

आत्ता

गोळ्या सुरू होऊन १९ महिने झालेत. केंद्र अर्ध्या दिवसाचं चालू आहे, दोन बायका हाताखाली आहेत. दर तीन महिन्यांनी भेट. त्याआधीचा आठवडा काकूंना झोप नसायची, सगळं त्या एका आकड्याभोवती. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, सीए-१२५ केलंच पाहिजे का? डॉक्टरांनी सांगितलं की २०१० मधल्या एका मोठ्या अभ्यासात, लक्षणं नसताना नुसता आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्यांचं आयुष्य, लक्षणं येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा वाढलं नव्हतं. उलट जगण्याची गुणवत्ता लवकर खालावली. तो अभ्यास या गोळ्यांच्या आधीचा आहे, आणि आकडा आधी कळला तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करता येऊ शकतो, हेही सांगितलं. काकूंनी मधला मार्ग काढला. चाचणी करायची, पण आकडा त्यांना न सांगता डॉक्टरांनी बघायचा. आणि पोट फुगलं, भूक गेली तर तारखेची वाट न पाहता यायचं. उलटला तर शेवटच्या कार्बोप्लॅटिननंतर किती महिने गेलेत यावर पुढचं औषध ठरेल, सहा महिन्यांहून जास्त अंतर असलं तर तेच पुन्हा काम करण्याची शक्यता चांगली असते. हे काकूंना माहीत आहे.

मुलाने स्वतःची चाचणी करायला वर्ष घेतलं. पॉझिटिव्ह आली. त्याची मुलगी चार वर्षांची आहे, तिची चाचणी ती सज्ञान झाल्यावर तिची तीच ठरवेल, लहानपणी करत नाहीत. काकूंचे भाऊ फलटणला असतात, त्यांना दोन मुली. भावाला हा विषय नको आहे, "पोरींच्या लग्नाचं बघायचंय" म्हणतात. थोरली भाची गेल्या महिन्यात काकूंसोबत येऊन समुपदेशन करून रक्त देऊन गेली, रिपोर्ट यायचा आहे. धाकटीशी काकू फोनवर बोलतात.